‘मुका’ हा शब्द वगळून

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वेलांटीरावांना घाम फुटला, तोही डोक्यावर पंखा गरगरत असताना. आरोग्य खात्यातल्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या टेबलावर पावणेदोन पानांचा मजकूर आणून ठेवला होता आणि त्यात ‘मुका’ हा शब्द अकरा वेळा आला होता. वेलांटीरावांनी तो मोजला. खात्री करायला पुन्हा मोजला तेव्हा बारा भरले, कारण बाईंनी समासात मागाहून एक वाढवला होता.

वेलांटीराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. शहराच्या आरोग्य खात्यात जे काही छापलं जाई ते आधी त्यांच्या टेबलावरून जाई. एकवीस वर्षांत त्यांनी ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करत इतका कागद लाल केला होता की हे नाव त्यांना आपोआप चिकटलं. पण त्यांचा खरा अभिमान शुद्धलेखनाचा नव्हताच. तो होता सभ्यपणाचा. उवांवरच्या पत्रकात त्यांनी उवांना ‘केशाश्रित कीटक’ करून टाकलं होतं. जुलाबांवरचं चार पानी पत्रक त्यांनी ‘जुलाब’ हा शब्द एकदाही न वापरता पार पाडलं होतं. ते वाचून आपल्याला काय झालंय हे लोकांना कळत नसे, पण जे झालंय ते भारदस्त आहे एवढं नक्की कळे.

आता मात्र प्रसंग बाका होता. बाईंनी लिहिलं होतं: ‘ओठावर जर उठला असेल तर तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नका. आईने नाही, आजीने नाही, आजोबांनीही नाही. नवराबायकोंनीसुद्धा खपली पडून कातडी साफ होईपर्यंत एकमेकांचा मुका घेऊ नये. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, तेवढ्याने संसार मोडत नाही.’

जर म्हणजे ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा जो झुबका उठतो तो. प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला, आणि कोणीच फारसा मनावर न घेतलेला.

“बाई, हे सगळं... असंच छापायचं?” वेलांटीरावांनी विचारलं.

“नाही, चाल लावून म्हणायचं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “अहो, हा आजार मुक्याने पसरतो, त्याला मी काय करू? टपालाने पसरला असता तर टपाल लिहिलं असतं. मोठ्या माणसाला त्याचं काही नाही, आठ दिवस आरशात बघवत नाही एवढंच. पण महिन्याच्या आतल्या बाळाला तोच फोड जिवावर बेतू शकतो. मी दहा-बारा दिवस प्रशिक्षणाला चालले आहे. तेवढ्यात हे छापून वाटा. आणि एक लक्षात ठेवा, अर्थ बदलू नका.”

वेलांटीरावांनी मान डोलावली. खरं तर हे वाक्य त्यांच्या काळजाला लागायला हवं होतं, कारण पाचच दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती आणि दोन आठवड्यांनी मायलेकी माहेरी येणार होत्या. नातीचा फोटो त्यांच्या शर्टाच्या खिशात होता आणि सकाळपासून तो पाच जणांना दाखवून झाला होता. पण त्या घडीला त्यांचं लक्ष बाळावर नव्हतंच. त्यांना ते बारा मुके दिसत होते.

एक गोष्ट सांगायलाच हवी. हा शब्द वेलांटीरावांनी जन्मात कधी उच्चारला नव्हता. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. ती क्रिया घरात घडलीच नाही असं कोणी म्हणणार नाही, मुलगा होता, मुलगी होती, आता नात झाली होती; पण तिचा उल्लेख कधी झाला नव्हता.

ते मजकूर घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा नाकावर चढवला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“वेलांटीराव, या वाक्यात ‘ओठावर जर’ असं आहे. जर आहे, मग तर कुठाय?”

“साहेब, तर पुढे आहे. पण हा तो जर नव्हे. हा तापातला जर. लोक म्हणतात ना, ओठावर जर...” इथे वेलांटीरावांनी वाक्य सोडून दिलं.

“काय म्हणतात?”

“पुढचं क्रियापद लघुशंकेचं आहे, साहेब. छापण्यासारखं नाही.”

साहेबांनी मान हलवली आणि शेजारच्या खोलीतून हिशेबनीस बाईंना बोलावून घेतलं, कारण तिघांच्या खाली बैठक होत नाही. मग बैठक झाली. ‘मुका’ या शब्दाने बोलता न येणाऱ्या नागरिकांच्या भावना दुखावतील, असं हिशेबनीस बाईंचं मत पडलं. मग ‘पापा’ पुढे आला.

“छे!” साहेब म्हणाले. “माझी मुलं मला पापा म्हणतात. ‘पापा घेऊ नका’ असं सरकारी पत्रकात वाचल्यावर मला घरात कोण घेईल?”

‘पप्पी’ला हिशेबनीस बाईंचा विरोध होता. त्यांच्याकडे कुत्री होती, आणि पिल्लं घ्यायला खात्याने बंदी केली असाच लोकांचा समज होणार होता. शेवटी ‘चुंबन’ टेबलावर आलं तेव्हा वेलांटीरावांनी डोळे मिटून घेतले. भिंतीवर सिनेमाची जाहिरात लागल्यासारखं वाटतं, असं म्हणून साहेबांनी तेही बाद केलं. भाषेत होते नव्हते ते चार शब्द संपले.

“‘निकट संबंध’ करू या?” वेलांटीराव चाचरत म्हणाले.

“संबंध?” साहेबांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, तरी त्यांनी आवाज खाली आणला. “अहो, संबंध म्हटलं की माणसाचं मन कुठल्या कुठे जातं. त्यापेक्षा ‘संबंधित’ घ्या. संबंधित हा स्वच्छ शब्द आहे. रोज वापरतो आपण.”

वेलांटीराव टेबलावर परतले आणि त्यांनी आयुष्यातलं सर्वांत निर्मळ पत्रक लिहिलं. रोगाचं नाव ‘ओष्ठज्वर’. प्रसार ‘जवळच्या संबंधितांकडून’. उपाय ‘जवळच्या संबंधितांपासून योग्य अंतर राखावे’. बारापैकी एकही मुका शिल्लक राहिला नाही. त्यांनी ते चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्यांना आपल्याविषयी थोडा आदर वाटला.

तिसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकांचा फोन आला. “साहेब, मथळ्याची ओळ बाहेर जातेय. ‘संबंधितांपासून’ मावत नाही. ‘आप्तांपासून’ करू का? जागा वाचेल, टाइपही मोठा घेता येईल.”

आप्त! वेलांटीरावांना शब्दच इतका आवडला की त्याचा अर्थ बघायचं राहून गेलं. “करा, करा. ‘आप्त’ला जोडाक्षर नीट काढा म्हणजे झालं,” ते म्हणाले.

आणि शुक्रवारी शहरभर, दवाखान्यांत, वाचनालयांत, बसथांब्यांवर, दहा हजार पत्रकं लागली. वर बोटभर जाडीच्या अक्षरांत छापलं होतं: ‘जवळच्या आप्तांपासून अंतर राखा!’ आणि खाली, आरोग्य खाते.

आरोग्य खात्याचं पत्रक लोकांनी मागून नेल्याची नोंद तोवर कुठे नव्हती. ती शनिवारी झाली. वेलांटीरावांच्या वरच्या मजल्यावर एक विमा एजंट राहत. त्यांचा मेहुणा ‘दोन दिवस’ म्हणून आला होता, त्याला सात महिने होऊन गेले होते. शनिवारी सकाळी तो मेहुणा बॅग घेऊन जिना उतरताना दिसला आणि त्याच्या मागोमाग एजंट खाली आले. त्यांनी वेलांटीरावांचे दोन्ही हात हातात घेतले.

“वेलांटीराव, काय लिहिलंय तुम्ही! मी सात महिने जे तोंडाने बोलू शकलो नाही ते सरकारने छापून दिलं हो. अजून वीस प्रती द्या. ऑफिसात सगळ्यांना पाहिजेत.”

वेलांटीराव सुखावले. आपण नेमकं काय लिहिलंय की मेहुणे गावी जायला लागले, हा प्रश्न त्यांना पडला होता, पण कौतुक करणाऱ्याला अडवायचं नाही हा त्यांचा स्वभाव होता. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी मात्र त्यांना जिन्यात गाठलं.

“अंतर म्हणजे किती?” मास्तरांनी विचारलं. “फुटांत की मैलांत? माझी सून म्हणते मैलांत. पत्रकात स्पष्ट करायला हवं होतं. माझ्या वेळी अर्धवट उत्तराला अर्धा गुण मिळायचा.”

सोमवारी ऑफिसात रांग लागली होती. कोणाला चुलत दीर जवळचा की लांबचा हे हवं होतं, कोणाला सावत्र सासऱ्यांबद्दल लेखी हवं होतं. एका गृहस्थांनी आपल्या तीन भावांची यादीच आणली होती आणि तिघेही जवळचे ठरावेत अशी त्यांची विनंती होती. साहेबांनी वेलांटीरावांना आत बोलावलं आणि लोकांची गैरसोय टाळण्यासाठी नात्यांचा तक्ता करायला सांगितला.

हे काम वेलांटीरावांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. त्यांनी दोन दिवस खपून सुबक तक्ता केला. अ वर्गात आई, वडील, मुलं, सख्खी भावंडं, सासू, सासरे, व्याही. ब वर्गात काका, मामा, आत्या, मावशी. क वर्गात चुलत, मावस, मामे, आते. ड वर्गात ‘नाते सांगता न येणारे आप्त: अंतराची आवश्यकता नाही’. खाली झोकदार सही. साहेबांनी तो तक्ता दाराबाहेर लावला, पत्रकांसोबत वाटायला त्याच्या प्रती धाडल्या आणि रांग एका तासात ओसरली.

संध्याकाळी त्यांनी एक प्रत कौतुकाने घरी आणली. बायकोने ती दिव्याखाली धरून दोनदा वाचली.

“अहो, यात मी कुठे आहे?”

वेलांटीरावांनी तक्ता हातात घेतला. वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. बायको राहूनच गेली होती.

“अगं, तू... तू गृहीत आहेस.”

बायकोने तक्ता घडी करून त्यांच्या हातात दिला आणि ती कपड्यांच्या घड्या करायला निघून गेली. त्या रात्री जेवताना त्यांना दुसऱ्यांदा वाढलं गेलं नाही. आपलं काय चुकलं हे त्यांना कळलं नाही. गृहीत हा शब्द तर शुद्ध होता.

मग फोन यायला लागले. व्याही म्हणाले, “आम्ही पडलो अ वर्गातले. सूनबाईला आणि बाळाला गाडीत बसवून देतो, आम्ही काही येत नाही. नियम म्हणजे नियम.” परगावी असलेला मुलगा म्हणाला, “बाबा, तुमच्याच सहीचा कागद आमच्या कॅन्टीनमध्ये लागलाय. भाचीला नंतर बघेन.” वेलांटीरावांची सख्खी बहीण तर फोनवर रडली. नातीच्या स्वागताला घर भरेल म्हणून बायकोने शेजाऱ्यांकडून सहा खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. त्या सहा खुर्च्या आता एकमेकींकडे तोंड करून बसल्या.

शनिवारी डॉक्टरबाई परतल्या. पत्रक हातात धरून त्या वेलांटीरावांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. 

“माझा मुका कुठे ठेवलात?” बाईंनी विचारलं. आख्खं ऑफिस टाइप करायचं थांबलं.

“गाळला, बाई. अर्थ तोच ठेवून...”

“अर्थ तोच? आज दवाखान्यात मी चाळीस जणांना विचारलं, यातून काय कळलं? चौतीस जण म्हणाले, पाहुणे बोलवायचे नाहीत. सहा जण म्हणाले, फारच छान पत्रक आहे. बाळाचा मुका घ्यायचा नाही, असं एकाने, एकाने तरी सांगावं! उलट सगळे म्हणतात, ओठावर जर उठला म्हणजे ताप बाहेर पडला, माणूस बरा झाला. आणि बरा झाला म्हणून तो पहिल्यांदा काय करतो? घरातलं लहान मूल उचलतो.” बाईंचा आवाज खाली आला. “राव, मला शब्दांचं काही नाही. मला त्या बाळांचं आहे.”

वेलांटीरावांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे फोटो होता. उद्या रविवार होता, उद्या नात येणार होती, अठरा दिवसांची. त्यांनी फोटो बाहेर काढून पाहिला. मग त्यांना आठवलं की उद्या घरी कोणीच येणार नाही, सगळ्या अ, ब आणि क वर्गाला आपण आपल्याच सहीने घरी बसवलंय, आणि या मूर्खपणाबद्दल आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

ड वर्गाचा त्यांना विसर पडला होता.

रविवारी दुपारी मुलगी आली, बाळ आलं. बाळाने आजोबांकडे एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. वेलांटीरावांना वाटलं, इतकं नेमकं परीक्षण आपलं कोणीच केलेलं नाही. त्यांनी आधी ओठ आरशात तपासले, हात साबणाने धुतले आणि मगच तिला मांडीवर घेतलं. ती शेंगदाण्याएवढं नाक हलवत झोपली होती आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. एवढ्यात जिन्यात आवाज घुमला.

“हॅलो, हॅलो! कोण आहे का घरात?”

मावशी! बायकोच्या आईच्या मावसबहिणीची ही धाकटी जाऊ. म्हणजे वेलांटीरावांची नेमकी कोण हे कागद-पेन्सिल घेऊनही सांगता आलं नसतं, म्हणून सगळे मावशीच म्हणत. टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं ऑपरेटर होती. रिटायर झाली तरी दोन गावांच्या मधोमध बसल्यासारखीच बोलायची. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, आणि दुसऱ्याचं मूल दिसलं की त्याचे गाल लाल झाल्याशिवाय सोडायची नाही. माणूस मात्र लाखात एक.

“बघा जावईबापू, मी आले की नाही!” मावशीने पिशवीतून तक्त्याची घडी काढून फडकावली. “बसथांब्यावर मिळाला. म्हटलं, अरे वा, सगळे जवळचे अडकले, आता पोरीचं कौतुक करणार कोण? तर लांबचीच माणसं! ड वर्ग. अंतराची आवश्यकता नाही. सही तुमचीच ना?”

सही वेलांटीरावांचीच होती. पण ते सहीकडे बघत नव्हते. मावशीच्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पाच-सहा फोडांचा टपोरा झुबका होता.

“मावशी, ओठाला काय झालं?” मुलीने विचारलं.

“काही नाही गं! तीन दिवस तापाने फणफणले होते. काल जर उठला, म्हणजे ताप गेला बाहेर. आता मी ठणठणीत. आण, आण ती सोनुली इकडे. आधी एक गोड...”

मावशी दोन्ही हात पसरून निघाली. वेलांटीराव बाळाला छातीशी धरून उठले आणि खुर्चीमागे सरकले.

“मावशी, जरा योग्य अंतर...”

“मला अंतर नाही! ड वर्ग!”

“नाही, म्हणजे ओष्ठज्वराचा प्रसार...”

“ओट्यावर काय पसरलंय?” मावशीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “ते आवरेन मी नंतर.” आणि तिने एक खुर्ची बाजूला केली.

वेलांटीराव दुसऱ्या खुर्चीमागे गेले. तिथून तिसऱ्या. सहाही खुर्च्यांभोवती अशी एक फेरी पूर्ण झाली. मावशीला हा खेळ वाटला आणि ती आणखी खुशीत आली. स्वयंपाकघराच्या दारात बायको हातात कपबश्या घेऊन उभी होती, मुलीला काही समजत नव्हतं, आणि वेलांटीरावांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

“मावशी, तुम्ही बाळाचा... ते... चुं... पा...”

“उचकी लागली का हो? पाणी आण गं यांना!” असं म्हणत मावशीने त्यांना भिंतीशी गाठलं, बाळाच्या दुपट्याची कड बाजूला केली, आणि ओठांचा चंबू करून खाली वाकली.

“मुका!”

वेलांटीराव ओरडले. असे ओरडले की वरच्या मजल्यावर विमा एजंटच्या हातातलं काहीतरी खाली पडलं.

“मुका घ्यायचा नाही! अजिबात नाही! मुका नाही, पापा नाही, पप्पी नाही आणि चुंबनसुद्धा नाही! गालाचा नाही, कपाळाचा नाही, हाताचा नाही! कोणी म्हणजे कोणी माझ्या नातीचा मुका घ्यायचा नाही!”

समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. तळमजल्यावरून मास्तरांचा आवाज आला, “आता कसं स्पष्ट झालं!” बाळ मात्र ढिम्म झोपून होतं.

मावशी सावकाश सरळ उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता. “मला हाकलताय का जावईबापू?” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खोलीत मावेल एवढा झाला. “मला कोण आहे हो दुसरं. तक्त्यात बोलावलंत म्हणून आले मी.”

वेलांटीरावांना रडू येईल असं वाटलं. त्यांनी बाळाला मुलीच्या हातात दिलं आणि ते मावशीसमोर खुर्ची ओढून बसले.

“मावशी, तक्ता चुकीचा आहे. पत्रकही चुकीचं आहे. सगळं मी लिहिलंय आणि सगळं चुकीचं आहे. ओठावर जर उठला म्हणजे ताप गेला असं नसतं. आजार त्या फोडांत बसलेला असतो, आणि मुका घेतला की दुसऱ्याकडे जातो. तुम्हाला मला काही होणार नाही, आठ दिवसांत खपली पडेल. पण ही अठरा दिवसांची आहे हो. तिला झेपायचं नाही. तुम्ही लांबच्या म्हणून नाही अडवलं. सख्खी आई असती तरी अडवलं असतं. मला भीती वाटली, मावशी.”

मावशीने पदर ओठाशी नेला, आणि लगेच तोही बाजूला केला.

“बाई गं! आणि मी आयुष्यभर जर उठला की पोरांना उचलत सुटले.” ती तिथून उठली, बाळापासून सगळ्यांत लांबची, खिडकीपाशीची खुर्ची पकडून बसली आणि तिथे बसल्यावर एकदम भडकली. “मग एवढं साधं सरळ लिहायला काय झालं होतं तुम्हाला?”

“लाज वाटली,” वेलांटीराव म्हणाले.

आधी मुलगी हसली. मग बायको हसली, कपबश्या किणकिणल्या, आणि मग मावशी इतकी खदखदून हसली की ओठाचे फोड ताणून तिला “आई गं” म्हणावं लागलं. समोरच्या खिडक्यांतूनही हसण्याचा आवाज आला.

“फोन इकडे द्या,” मावशी डोळे पुसत म्हणाली. “नको, पिशवीत माझा आहे. माझी वहीसुद्धा आहे.”

आणि त्या दुपारी मावशी पुन्हा कामावर रुजू झाली. वहीत नंबर होते तेवढ्यांना तिने फोन लावला. “हॅलो, नीट ऐका. पाहुण्यांना येऊ द्या, काही होत नाही. ओठावर जर, तर मुका नाही. बाळाचा तर मुळीच नाही. काय? हो, नवऱ्याचासुद्धा. खपली पडेपर्यंत कळ काढ. दहा जणांना सांग. ठेवते. हॅलो...” व्याह्यांना झाला, मुलाला झाला, वेलांटीरावांच्या बहिणीला झाला. सहा वाजेपर्यंत एकाहत्तर फोन झाले होते, आणि साडेसहाला साहेबांचा वेलांटीरावांना फोन आला. त्यांच्या सासूबाईंना त्यांच्या शेजारणीने कळवलं होतं.

“वेलांटीराव, कोणीतरी एक वाक्य फिरवतंय गावात. ‘ओठावर जर, तर मुका नाही.’ आपलं आहे का?”

“आपलंच आहे, साहेब. उद्या छापायला देतोय. मुक्यासकट.”

पलीकडे साहेबांनी ते वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं. “जर आहे आणि तरही आहे,” साहेब शेवटी म्हणाले. “मग हरकत घेता येत नाही.”

सोमवारी डॉक्टरबाईंनी नवा मजकूर मोजला. तेरा मुके होते. त्यांनी वेलांटीरावांकडे पाहिलं. “मथळ्यात एक वाढवला,” वेलांटीराव म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचे फक्त कान लाल झाले.

त्या संध्याकाळी घर तुडुंब भरलं होतं. व्याही आले होते, मुलगा आला होता, बहीण आली होती, सहा खुर्च्या पुरत नव्हत्या. मावशी खिडकीपाशी बसून लांबूनच बाळाला हाका मारत होती आणि बाळ त्या आवाजाच्या दिशेने डोळे फिरवत होतं. स्वयंपाकघरात वेलांटीराव कप विसळत होते आणि बायको पुसून ठेवत होती.

“एकतीस वर्षांत तो शब्द काल पहिल्यांदा ऐकला तुमच्या तोंडून,” बायको कपाकडे बघत म्हणाली. “आख्ख्या इमारतीने ऐकला. आणि तोही नकारार्थी वाक्यात.”

वेलांटीरावांनी नळ बंद केला. ही बाई त्यांना फार आवडत होती, आणि हे तिला सांगायचं राहिलंय हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की त्यांना स्वतःचीच चीड आली. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग, खात्याचा माणूस म्हणून, बायकोचे ओठ नीट पाहिले, आपले स्वतःचे बोटाने चाचपले. दोन्हीकडे काही नव्हतं.

“तू गृहीत नाहीस,” ते म्हणाले. “ते चुकलं माझं. आणि... मुका घेऊ?”

बायकोने हातातला कप खाली ठेवला.

“आता प्रश्नार्थक कशाला?” ती म्हणाली.

वेलांटीरावांनी प्रश्नचिन्ह खोडलं.